घरी बांधलेल्या किट कारची बॉडी आणि दिवे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रिटनमध्ये घरच्या गॅरेजात किट कार, म्हणजे सुट्या भागांचा संच आणून स्वतः जोडायची गाडी, बांधणाऱ्या मराठी मंडळींना इंजिन आणि गिअरबॉक्सचं सहसा फारसं भय नसतं. गाडी अडते ती पत्रा, फायबर आणि दिव्यांपाशी. चॅसी चाकांवर उभी राहिली की गाडी होतच आली असं वाटतं, आणि मग घाईघाईत पाडलेलं एखादं भोक पुढे महिनाभर छळतं.

इथली उत्तरं ‘सेव्हन’ धाटणीच्या गाडीला धरून दिली आहेत. ही गाडी लोटसने १९५७ साली आणली आणि १९७३ पासून केटरहॅम बनवते. उघडी, दोन सीटची, पुढची चाकं बॉडीच्या बाहेर असलेली. वेस्टफील्डपासून घरी वेल्डिंग केलेल्या लोकॉस्टपर्यंत बऱ्याच गाड्या याच घराण्यातल्या आहेत. अशी गाडी रस्त्यावर आणायची तर आधी डीव्हीएसए या सरकारी संस्थेची ‘आयव्हीए’, म्हणजे एकेका गाडीला मान्यता देणारी तपासणी पास व्हावी लागते. खालची मापं त्या तपासणीला धरून आहेत. तिची पुस्तिका सरकार फुकट उपलब्ध करून देतं. ड्रिल हातात घ्यायच्या दिवशी तिची ताजी आवृत्ती समोर असू द्या.

आधी बॉडी बसवायची की आधी वायरिंग करायचं?

बॉडी दोनदा बसवायची आणि वायरिंग मधे करायचं. पहिल्या वेळी एकही रिव्हेट (पत्रा कायमचा जोडणारी खिळी) मारायचा नाही, सीलंट लावायचा नाही. सगळे पॅनल मास्किंग टेप, क्लॅम्प आणि लाकडी पाचरी यांच्या आधारावर जागेवर उभे करा. दिवेसुद्धा टेपने चिकटवून ठेवा. मग चारही बाजूंनी फिरून बघा, मापं घ्या, फोटो काढा. कोणत्या दिव्याची वायर कुठून जाईल, कुठे वाकेल, कुठे सुटी करता यायला हवी, हे त्याच वेळी ठरवा. त्यानंतर सगळं उतरवून उघड्या चॅसीवर वायरिंग करा. बॉडी कायमची बसवायची ती त्यानंतर.

हा खटाटोप एवढ्यासाठी की सेव्हनमध्ये मागच्या दिव्यांच्या वायरी साधारणपणे दोन सीटांमधल्या टनेलमधून जातात. टनेलवर पत्रा ठोकला आणि बाजूचे पॅनल बंद झाले की तिथे हात जात नाही. एकच वायर विसरली तरी रिव्हेटची रांग ड्रिलने उडवावी लागते.

पहिल्या वेळी गाडी खऱ्या उंचीवर उभी असायला हवी. टायर कायमच्या मापाचे, हवा बरोबर, टाकीत थोडं पेट्रोल आणि सीटवर वजन. घरातल्या दहा किलोच्या बासमतीच्या सात-आठ पिशव्या सीटवर ठेवल्या की एका माणसाचं वजन झालं. स्टँडवर टांगलेल्या गाडीवरून घेतलेलं दिव्याच्या उंचीचं माप कामाचं नाही, कारण जमिनीवर आल्यावर स्प्रिंग दबतात आणि सगळे आकडे खाली येतात.

फायबरच्या मडगार्डवर भोकाभोवती कोळिष्टकासारख्या बारीक चिरा पडल्या. काय चुकलं?

बहुधा ड्रिल जोरात दाबलं, किंवा बोल्ट प्रमाणाबाहेर आवळला. फायबरच्या वरचा चकचकीत थर म्हणजे जेलकोट. तो कडक आणि ठिसूळ असतो. खालचा काचतंतूंचा थर लवचिक असतो. धक्का बसला की खालचा थर वाकतो आणि वरचा तडकतो.

भोक पाडायची सुरक्षित पद्धत अशी. जागेवर मास्किंग टेपचे दोन थर लावा आणि खूण टेपवर करा. पंच मारून खड्डा पाडू नका. दोन-तीन मिलिमीटरच्या धारदार बिटने चकचकीत बाजूकडून सुरुवात करा, मागे लाकडाचा तुकडा धरा. आता मोठ्या भोकाकडे जायच्या आधी एक छोटी गोष्ट करा: काउंटरसिंक बिट (भोकाची कड तिरपी करणारा) हातात धरून, मशीनला न लावता, दोन-चार वेळा फिरवा, म्हणजे जेलकोटची कड तिरपी होईल. त्यानंतरचा मोठा बिट त्या कडेला झटका देत नाही. होल-सॉ (मोठं भोक कापणारी गोल करवत) वापरत असाल तर ड्रिल उलटं फिरवून जेलकोट घासून काढा आणि पलीकडचा थर लागल्यावरच सुलटं करा. वेग कमी ठेवा आणि मशीन आपल्याच वजनाने खाली जाऊ द्या.

भोक बोल्टपेक्षा किमान मिलिमीटरभर मोठं असावं. ६ मिमीच्या बोल्टला ७ मिमी चालतं. उन्हात फायबर फुगतं, रस्त्यावर थरथरतं, त्याला थोडी जागा लागते. आतून २५ मिमीचा मोठा वॉशर, मधे रबर, आणि नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला. वॉशर हाताने फिरेनासा झाला की थांबायचं. बोल्ट सैल होईल या भीतीने पाना लावून ओढू नका. नट सुटू न देण्याचं काम नायलॉकचं आहे.

फायबर कापताना आणि घासताना एफएफपी३ मास्क, चष्मा आणि पूर्ण बाह्या हव्यातच. ती धूळ अंगाला खाजते, फुप्फुसाला तर फारच वाईट. घरात लहान मुलं असतील तर काम बाहेर करा आणि कपडे वेगळे धुवा.

ॲल्युमिनियमचा पत्रा कोणता घ्यावा आणि रिव्हेट किती अंतरावर मारावे?

बाजूच्या पॅनलना १.२ मिमी जाडीचा, निम-कडक ५२५१ प्रतीचा पत्रा चांगला. तो गंजाला टिकतो आणि हाताने वळवता येतो. नुसता मऊ पत्रा घेतला तर कोपर टेकलं तरी पोचा येतो.

रिव्हेट ४० ते ५० मिमी अंतरावर मारा आणि पत्र्याच्या कडेपासून रिव्हेटच्या व्यासाच्या किमान दुप्पट आत राहा. ४.८ मिमीच्या रिव्हेटला ४.९ चा बिट, ३.२ ला ३.३ चा. आधी दोन टोकं, मग मध्य, मग उरलेल्या जागा. एका टोकाकडून सरळ मारत गेलात तर दुसऱ्या टोकाला पत्रा फुगून लाट येते, आणि ती पुन्हा बसत नाही. तात्पुरते पकडायला क्लिको नावाच्या स्प्रिंगच्या पिना मिळतात. त्यावर पैसे खर्च करा.

चॅसी स्टीलची आणि कातडं ॲल्युमिनियमचं, म्हणजे मधे ओल आली की दोन धातूंची बॅटरी तयार होते आणि तीत ॲल्युमिनियम खाल्लं जातं. ब्रिटनमध्ये थंडीत रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे हे काम झपाट्याने होतं. म्हणून दोघांत थेट संपर्क येऊ देऊ नका. चॅसीवर पावडर कोटिंग, त्यावर पॉलियुरेथेन सीलंटची सलग रेघ, मग पत्रा. पाडलेल्या भोकात कोटिंग उडालेलं असतं, तिथेही सीलंट किंवा जॉइंटिंग कंपाउंड बोटाने भरा. हे कुणालाही दिसत नाही आणि गाडीचं आयुष्य यावरच ठरतं.

पत्रा गोलाईत वळवताना चीर जाते. मऊ कसा करायचा?

कोरडा साबण वळवायच्या भागावर घासा आणि गॅसच्या पसरट ज्योतीने मागच्या बाजूने तापवा. ज्योत हलती ठेवा. साबणाची खूण काळी पडली की लगेच थांबा आणि पत्रा गार होऊ द्या. आता तो मऊ झालेला असतो. ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडासारखं लाल होत नाही आणि साधारण ६६० अंशांना आगाऊ सूचना न देता वितळतं, म्हणून साबणाची साक्ष लागते. वळवताना पत्रा पुन्हा कडक होत जातो. गोलाई मोठी असेल तर मधे एकदा पुन्हा तापवा.

बॉनेट, नाक आणि मधला काऊल (बॉनेट आणि सीटांमधला डॅशबोर्डवरचा भाग) एकमेकांशी जुळतच नाहीत. किटच खराब आहे का?

बहुतेक वेळा किट ठीक असतं, सुरुवात चुकीच्या टोकाकडून झालेली असते. साच्यातून निघालेलं फायबर तंतोतंत नसतं, काही मिलिमीटरचा फरक धरूनच चालायचं. प्रश्न इतकाच की तो फरक कुठे लपवायचा.

आधी गाडीची मध्यरेषा काढा. पुढच्या आणि मागच्या सस्पेन्शनच्या सारख्या बिंदूंमधून मध्य काढून, पुढून मागे दोरी ताणा आणि ओळंब्याने खाली उतरवून पडताळा. चॅसीचे पाइप डोळ्याला सरळ दिसले तरी त्यांच्यावर विसंबू नका. मग काऊल या रेषेवर बसवा. तो स्टिअरिंग आणि डॅशबोर्डशी बांधलेला असल्यामुळे त्याला हलायला सर्वांत कमी वाव असतो. त्यानंतर पुढचं नाक. ते रेडिएटरभोवती थोडं पुढे-मागे, वर-खाली सरकतं. बॉनेट सर्वांत शेवटी, कारण कापून-घासून जुळवता येण्याजोगा तुकडा तोच आहे. बऱ्याच किटमध्ये तो मुद्दाम थोडा मोठा दिलेला असतो.

फटीसाठी ४ ते ५ मिमी जाडीच्या पट्ट्या कापा आणि त्या सांध्यात अडकवून बॉनेट टेकवा. फट एकसारखी असेल तर पाच मिमीसुद्धा देखणी दिसते. एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला सहा असेल तर गाडी वाकडी वाटते. कापायची रेघ टेपवर मारा, रेघेच्या दोन मिमी बाहेर कापा आणि उरलेलं लाकडी ठोकळ्याला गुंडाळलेल्या पॉलिश पेपरने उतरवा.

बॉनेटखाली इंजिनलाही हलायला जागा हवी. रबरी माउंटिंगवरचं इंजिन जोर घेतलं की कलतं. एअर फिल्टर किंवा रॉकर कव्हरच्या डोक्यावर मातीचा गोळा ठेवून बॉनेट बंद करा, उघडा आणि गोळ्याची उरलेली जाडी मोजा. २० मिमीपेक्षा कमी असेल तर फुगवटा द्या किंवा फिल्टर बदला.

पुढच्या चाकांवरची सुटी मडगार्ड किती लांब हवीत?

चाकाच्या मध्यातून उभी रेषा धरा. तिच्या पुढे ३० अंश आणि मागे ५० अंश एवढा भाग झाकलेला हवा, आणि टायरची रुंदीसुद्धा. ही मडगार्ड चाकाबरोबर वळतात, म्हणून स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून आणि सस्पेन्शन पूर्ण दाबून बघा की टायर, मडगार्ड, बॉडी आणि हेडलाइट यांपैकी कुणी कुणाला घासत नाही ना. मडगार्डवर दिवा बसवला असेल तर त्याची वायरही वळते. तिला सैल वळसा द्या, नाहीतर काही महिन्यांत आतून तुटते आणि बाहेरून साबूत दिसते.

धारदार कडांबद्दल तपासनीस एवढे काटेकोर का असतात?

पायी चालणाऱ्या माणसाला किंवा सायकलस्वाराला गाडी घासली तर तो कापला जाऊ नये म्हणून. मला हा नियम या सगळ्या तपासणीतला सर्वांत माणुसकीचा वाटतो.

१०० मिमी व्यासाचा गोळा बाहेरून ज्या कडेला टेकू शकतो, तिची गोलाई किमान २.५ मिमी हवी. गोळा जिथे पोहोचत नाही, तिथे नियम लागत नाही. घरी लाकडाचा किंवा थर्माकोलचा तेवढा गोळा करून गाडीभर फिरवा आणि टेकेल तिथे खडूने खूण करा. सापडतात ते मडगार्डचे पातळ काठ, नंबरप्लेटचे कोपरे, दिव्यांच्या ब्रॅकेटचे टोकदार कान, सस्पेन्शनचे बाहेर आलेले बोल्ट, एक्झॉस्टचं तोंड. कडेवर मऊ रबरी पट्टी चालते, कारण मऊ पदार्थांना या मापातून सूट आहे. पण पट्टी नीट चिकटवलेली हवी. तपासनीस ती ओढून बघतो, आणि हातात आली तर पट्टी नव्हतीच असं धरतो. बोल्टांवर प्लॅस्टिकच्या गोल टोप्या मिळतात.

रंग केव्हा द्यायचा?

माझं स्पष्ट मत, तपासणी पास झाल्यावर. तपासणीत कुठे ना कुठे दिवा सरकवायला किंवा कड घासायला लागण्याची शक्यता असते, आणि ताज्या रंगावर ते काम करताना जीव तुटतो. गाडीला रंग नाही म्हणून नापास करत नाहीत. मात्र नोंदणीच्या कागदावर रंग लिहिलेला असतो, म्हणून नंतर रंग दिलात तर डीव्हीएलए या वाहन नोंदणी संस्थेला कळवा.

फायबर रंगवायचं असेल तर आधी साच्याचं मेण काढायच्या द्रावणाने पुसा, पेपर नंतर मारा. उलट केलंत तर मेण ओरखड्यांत भरतं आणि रंगाला माशाचे डोळे, म्हणजे बारीक गोल खड्डे, पडतात. नवीन फायबर काही आठवडे उन्हावाऱ्यात राहू द्यावं, त्याचं आकसणं रंगाआधी उरकलेलं बरं.

हेडलाइट किती उंचीवर आणि कुठे बसवायचे?

लो बीमच्या काचेची खालची कड जमिनीपासून किमान ५०० मिमी आणि वरची कड जास्तीत जास्त १२०० मिमी. बाहेरची कड गाडीच्या सर्वांत बाहेरच्या बाजूपासून ४०० मिमीच्या आत. सेव्हनला वरच्या मर्यादेची चिंता नाही, खालच्या मर्यादेची आहे. पाचशेवर नेमकं पाचशे ठेवू नका. टायर झिजतात, स्प्रिंग बसतात. वीस-तीस मिमी वर राहा.

चारशेच्या मापात एक खाच आहे. सेव्हनमध्ये गाडीची बाहेरची बाजू बॉडीपाशी नसते, मडगार्डपाशी असते. हेडलाइट नाकाच्या शेजारी आखूड ब्रॅकेटवर बसवले तर मडगार्डपासूनचं अंतर सहज ४०० च्या वर जातं. म्हणून मडगार्ड कायमची ठरल्याशिवाय हेडलाइटचा ब्रॅकेट वेल्ड करू नका.

इंडिकेटर बसवले, चमकतात, तरी नापास. असं का?

इंडिकेटर समोरून दिसतो एवढं पुरत नाही, बाजूनेही दिसायला लागतो. पुढच्या इंडिकेटरला आणि पार्किंग लाइटला बाहेरच्या बाजूला ८० अंश आणि आतल्या बाजूला ४५ अंशांपर्यंत दृष्टी मोकळी हवी. सेव्हनमध्ये इथेच गोची होते: आतल्या बाजूला हेडलाइटचं भांडं आड येतं आणि बाहेरच्या बाजूला मडगार्ड.

घरी तपासायचं तर दिव्याच्या मध्यातून पुठ्ठ्यावर कोन आखा, त्या रेषेवर दोरी ताणा आणि दोरीच्या टोकाला डोळा लावून दिवा दिसतो का बघा. चाकं वळवूनही बघा. हेडलाइटच्या खाली लोंबणारा छोटा इंडिकेटर दिसायला छान, पण आतल्या कोनात बऱ्याचदा मार खातो. मडगार्डच्या माथ्यावर बसवलेला इंडिकेटर सहसा पास होतो, मात्र तिथे पार्किंग लाइटही त्याच भांड्यात घेतलेला बरा.

बाकीची मापं थोडक्यात: रंग पिवळसर नारिंगी, उंची ३५० ते १५०० मिमी, बाहेरच्या कडेपासून ४०० मिमीच्या आत, वेग मिनिटाला ६० ते १२० वेळा. बाजूचा छोटा इंडिकेटर गाडीच्या पुढच्या टोकापासून १८०० मिमीच्या आत. सेव्हनचं नाक लांब असल्यामुळे हे शेवटचं माप फसवतं, तेव्हा टेप नाकाच्या अगदी टोकाला लावून मोजा.

मागे कोणकोणते दिवे लागतात?

टेललाइट दोन, ब्रेक लाइट दोन, इंडिकेटर दोन, लाल रिफ्लेक्टर दोन, फॉग लाइट किमान एक, रिव्हर्स लाइट किमान एक, आणि नंबरप्लेटवर पांढरा दिवा.

रिफ्लेक्टर त्रिकोणी नसावेत, त्रिकोण ट्रेलरला लावतात. त्यांची उंची २५० ते ९०० मिमी. फॉग लाइट एकच असेल तर तो मधे किंवा ड्रायव्हरच्या बाजूला, म्हणजे ब्रिटनमध्ये उजवीकडे. ब्रेक लाइटपासून त्याचं अंतर १०० मिमीपेक्षा जास्त हवं, नाहीतर मागच्याला ब्रेक कोणता आणि फॉग कोणता हे धुक्यात कळत नाही. हेडलाइट लावल्याशिवाय फॉग लागता कामा नये आणि डॅशबोर्डवर त्याची खूण पेटायला हवी.

इथे एक कळकळीची विनंती. सेव्हन जेमतेम मीटरभर उंच असते. लॉरीच्या ड्रायव्हरला ती बॉनेटखाली दिसतच नाही. मागचे दिवे नियमात बसतील तेवढे मोठे, बाहेर आणि उंच घ्या. देखणेपणासाठी अंगठ्याएवढे दिवे लावणारे पाहिले की पोटात गोळा येतो.

जुन्या गाडीचे किंवा भारतातून आणलेले दिवे चालतील का?

काचेवर ‘ई’ची खूण हवी: वर्तुळात ई आणि देशाचा आकडा, जर्मनीचा १, ब्रिटनचा ११. शिवाय तो दिवा कोणत्या कामासाठी मान्य आहे याची अक्षरं. खूण नसेल तर दिवा किती चांगला हे सिद्ध करत बसावं लागतं, त्यापेक्षा दुसरा घ्या.

हेडलाइटच्या बाबतीत आपल्याकडचा एक योगायोग कामी येतो. भारत आणि ब्रिटन दोन्हीकडे गाडी डावीकडून चालते, त्यामुळे लो बीमचा वर उचललेला भाग दोन्हीकडे डावीकडेच असतो. बुलेटला आणि जुन्या महिंद्रा जीपला असतो तो सात इंची गोल दिवा सेव्हनच्या भांड्यातही बसतो. तरी खूण तपासल्याशिवाय बॅगेत भरू नका. युरोपातून मागवलेल्या दिव्याचा झोत मात्र उजवीकडे उचललेला असतो. तो थेट समोरच्याच्या डोळ्यांत जातो आणि तपासणीत नापास होतो.

साध्या बल्बच्या जागी एलईडी बल्ब घालू का?

हेडलाइटमध्ये अजिबात नको. भांड्याचा आरसा हॅलोजनच्या तारेची जागा धरून घडवलेला असतो. एलईडीचा प्रकाश दुसऱ्या जागेवरून निघतो आणि झोत विस्कटतो. एलईडी हवाच असेल तर एलईडी म्हणूनच मान्य झालेला अख्खा दिवा घ्या. इंडिकेटर एलईडीचे घेतले तर जुना फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा भाग) कमी करंटमुळे बल्ब गेला असं समजून भराभर चमकवतो. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बसवा. रेझिस्टर जोडूनही काम होतं, पण तो तापतो आणि फायबरला टेकला तर ते करपतं.

इंडिकेटर लावला की टेललाइटही लुकलुकतो. वायर चुकली का?

वायर बहुधा बरोबर आहे, ‘अर्थ’ (earth), म्हणजे करंटची बॅटरीकडे परत जायची वाट, चुकला आहे. किट कारच्या दिव्यांची सर्वांत जास्त दुखणी इथलीच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कारखान्यातल्या गाडीची बॉडी स्टीलची असते. दिवा स्क्रूने बसवला की त्याचा अर्थ बॉडीतून परत जातो. फायबरमधून वीज वाहत नाही. त्यामुळे प्रत्येक दिव्याला स्वतःची काळी वायर चॅसीपर्यंत न्यावी लागते. ती नसली किंवा सैल असली तर इंडिकेटरचा करंट वाट शोधत शेजारच्या टेललाइटच्या तारेतून परत जातो, आणि दोन्ही मंद लुकलुकतात.

चॅसीवर पावडर कोटिंग असतं, तेही वीज अडवतं. अर्थच्या जागी कोटिंग कानशीने खरवडून धातू उघडा करा. रिंग टर्मिनल, वर दातेरी वॉशर, वर नट, आणि आवळून झाल्यावर सगळ्यावर ग्रीस किंवा रंग, म्हणजे गंज चढणार नाही. पुढच्या दिव्यांसाठी एक आणि मागच्यांसाठी एक असे दोन अर्थबिंदू ठेवा. चॅसी ते बॅटरी आणि इंजिन ते चॅसी या जाड पट्ट्या विसरू नका.

तपासायला मल्टिमीटर घ्या. दिवा चालू ठेवून एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरं दिव्याच्या अर्थ टर्मिनलला लावा. ०.२ व्होल्टच्या आत असेल तर उत्तम. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर तो अर्थ पुन्हा करा.

वायर किती जाड, फ्यूज किती आणि रिले लागतो का?

५५ वॉटचे दोन लो बीम १२ व्होल्टवर सुमारे ९ अँपिअर घेतात, ६० चे दोन हाय बीम १०. एवढा करंट जुन्या डोनर गाडीच्या (जिचे भाग काढून वापरले तिच्या) स्विचमधून नेला तर स्विच तापतो आणि दिवे मंद पडतात. लो आणि हाय दोन्हींना रिले, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, द्या. रिलेपर्यंतची मुख्य वायर २ चौरस मिमीची, पार्किंग आणि इंडिकेटरला १ चौरस मिमी पुरे. डाव्या-उजव्या हेडलाइटला वेगळे फ्यूज ठेवा, म्हणजे रात्री एक उडाला तरी दुसरा उरतो.

रंग ब्रिटिश पद्धतीचे पाळा: अर्थ काळा, हाय बीम निळा-पांढरा, लो बीम निळा-लाल, पार्किंग व टेल लाल, डावा इंडिकेटर हिरवा-लाल, उजवा हिरवा-पांढरा, ब्रेक हिरवा-जांभळा. दहा वर्षांनी गाडी दुसऱ्याच्या हातात गेली तरी त्याला वाचता येईल. पॅनलमधून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट, आणि चॅसीवर दर ३०० मिमीला क्लिप.

हेडलाइटचा झोत घरी कसा लावायचा?

सपाट जमीन आणि भिंत हवी. गाडी भिंतीला काटकोनात, दिव्यापासून ५ मीटरवर उभी करा. ड्रायव्हरच्या सीटवर कुणाला तरी बसवा. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर आडवी टेप लावा. लो बीमची आडवी कड त्या टेपच्या ५ सेंटिमीटर खाली यायला हवी, म्हणजे १ टक्का उतार झाला. दहा मीटरवर तोच उतार १० सेंटिमीटर. दिवा ६० सेंटिमीटरवर असेल तर झोताची कड साधारण ६० मीटरवर जमिनीला टेकते. उतार २ टक्के केलात तर तीसच मीटर, आणि खेड्यातल्या काळोख्या रस्त्यावर ते फार कमी आहे. कड जिथून वर उचलते तो कोपरा प्रत्येक दिव्याच्या सरळ समोर यावा आणि उचल डावीकडे असावी.

तपासणीआधी जवळच्या एमओटी (वार्षिक वाहन तपासणी) करणाऱ्या गॅरेजात बीम-सेटरवर, म्हणजे झोत मोजायच्या यंत्रावर, एकदा बघून घ्या. लावून झालं की ब्रॅकेटचा नट घट्ट करा आणि बोल्टवर रंगाची रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की दिवा हललाय.

दिव्यात पाणी साचतं.

तळाला पाणी निथळायचं भोक असतं, ते वर तर गेलं नाही ना बघा. सीलंटने ते भोक बंद करू नका. मडगार्डवरच्या दिव्याच्या पाठीवर चाकाचं पाणी थेट आदळतं, तिथे रबरी टोपी हवी.

अशी गाडी महाराष्ट्रात बांधून चालवता येईल का?

बांधता येईल, रस्त्यावर आणणं जवळपास अशक्य. भारतात केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२६वा नियम गाडीचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून मान्य करून घ्यायला लावतो. ती व्यवस्था कारखानदारांसाठी आहे, एका माणसाच्या एका गाडीसाठी ब्रिटनसारखी स्वस्त वाट नाही. जुन्या गाडीची चॅसी घेऊन वर नवी बॉडी चढवावी म्हटलं तर गाडीच्या मूळ रचनेतल्या फेरफारांवर बंधन घालणारं १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम आड येतं. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्याच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून किक मारून सुरू होणारी छोटी जीप केली, तिचं देशभर कौतुक झालं. आनंद महिंद्रांनी २०२१ च्या डिसेंबरात तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली तेव्हा, ही गाडी नियमांत बसत नाही आणि आज ना उद्या अडवली जाईल, हेही सांगितलं होतं. एवढी कला असलेल्या माणसांसाठी आपल्याकडेही एकेका गाडीच्या तपासणीची सोय व्हायला हवी असं मला मनापासून वाटतं.

विद्यार्थी असाल तर बाहा एसएईइंडियासारख्या स्पर्धांत बंद ट्रॅकवर पळणारी गाडी स्वतः बांधता येते. पुण्या-मुंबईच्या कॉलेजांचे संघ तिथे उतरतात. पत्रा, फायबर आणि अर्थिंग शिकायला याहून चांगली शाळा नाही.

तपासणीला गाडी चालवत नेता येते का? सोबत काय घ्यायचं?

आधी वेळ ठरलेली असेल आणि चॅसी नंबरवर विमा काढलेला असेल तर थेट तपासणीला नेता येते, नंबर नसला तरी. लांब असेल तर ट्रेलर बरा. सोबत जादा बल्ब आणि फ्यूज, रबरी पट्टीचा तुकडा, बोल्टांच्या टोप्या, चिकट टेप, हेडलाइटच्या स्क्रूला बसणारा स्क्रू-ड्रायव्हर आणि दिव्यांच्या खुणांचे जवळून काढलेले फोटो घ्या. किरकोळ गोष्ट तपासनीस तिथल्या तिथे दुरुस्त करू देईलच असं नाही, पण दिलं तर हाताशी सामान हवं. निघायच्या आदल्या रात्री एकेक दिवा लावून गाडीभोवती चक्कर मारा, आणि ब्रेक दाबायला घरातल्या कुणाला तरी बसवा.